आठ भोकं, नऊ बिऱ्हाडं

आमच्या घरात सकाळी उठल्यावर दिव्याला नमस्कार करायची पद्धत आहे. कुठल्या दिव्याला, यावर मात्र हल्ली मतभेद आहेत. आईचा नमस्कार देवघरातल्या समईला असतो. आम्ही बाकीचे तिघं तोंड धुवायच्या आधी चपलांच्या कपाटापाशी जमतो. कपाटावर एक पांढरी डबी आहे आणि डबीवर चार-पाच बारके दिवे आहेत. सगळे हिरवे असले तर कुणी काही बोलत नाही, दिवस सुरू होतो. त्यातला ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असला, तर चिरंजीव कॉलेजात शिकलेला एक शब्द उच्चारतात, बायको माझ्याकडे बघते आणि मी वाकून डबीची पिन काढून परत लावतो. त्यानं काही होत नाही हे तिघांनाही ठाऊक आहे. पण घरातल्या कर्त्या पुरुषानं काहीतरी केल्यासारखं दिसावं लागतं.

डबी चपलांच्या कपाटावर का, असं पाहुणे विचारतात. वायर तिथपर्यंतच पुरली म्हणून. जोडणी करायला आलेला पोरगा म्हणाला होता, “काका, सध्या इथे ठेवतो, उद्या येऊन आत घेतो.” तो उद्या अजून उजाडायचा आहे. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यात झकास रेंज बुटांना मिळते. उरलेली हॉलमध्ये येते, स्वयंपाकघराच्या भिंतीला थडकते आणि मागच्या खोलीत पोचेपर्यंत तिच्यात काही राम उरत नाही. त्यातून बायकोनं मायक्रोवेव्हमध्ये आमटी गरम करायला ठेवली की माझी ऑफिसची मीटिंग अडखळते. वायफाय आणि मायक्रोवेव्ह दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात म्हणे. एका घरात दोघांना एकदम बोलता येत नाही, हा नियम मला लग्नापासून माहीत आहे. आमटी आधी, मीटिंग नंतर, हेही ओघानंच आलं.

ही कंपनी आमच्या गळ्यात कुणी बांधली नाही. सिंहगड रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एका रविवारी मोठी रंगीत छत्री लावून दोन पोरं बसली होती. “वर्षाचे एकदम भरा, तीन महिने फुकट,” एवढंच त्यांचं म्हणणं. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर आकडेमोड करून जाहीर केलं, “एफडीपेक्षा परतावा चांगला आहे.” झालं! बारा बिऱ्हाडांपैकी आठांनी दिवेलागणीच्या आत पैसे भरले. नेट चालतं कसं, हे एकानंही विचारलं नाही. आमच्याकडे माणूस वस्तू घेत नाही, स्कीम घेतो. सेक्रेटरी तेवढे म्हणाले, “मी आधी चौकशी करतो.” त्यांनी बरेच दिवस कसून चौकशी केली आणि मग तीच स्कीम घेतली. त्यांची ही दिरंगाई लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरून बरंच रामायण झालं.

फुकटचे तीन महिने शेवटी येतात. म्हणजे ते पदरात पडायचे तर आधीचे बारा काढावे लागतात. या काळात नेट कितीही बंद पडलं तरी माणूस कंपनी सोडत नाही, कारण पैसे भरलेले असतात. उलट ते वसूल व्हावेत म्हणून तो बंद नेटसमोर जास्त वेळ बसतो.

प्लॅन शंभर एमबीपीएसचा. मी एकदा एक फाइल उतरवून घेत होतो, तेव्हा पडद्यावर शंभराच्या जवळपासही आकडा दिसेना. चिरंजीवांनी समजावून सांगितलं, “बाबा, कंपनी बिट मोजते, कॉम्प्युटर बाइट मोजतो. आठ बिटांचा एक बाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा.”

“म्हणजे सगळं सुरळीत असतानाही साडेबाराच?”

“हो.”

हा हिशोब मी जिन्यात बँकवाल्या काकांच्या कानावर घातला. “मग वरचे साडेसत्त्याऐंशी जातात कुठे?” काकांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “टीडीएस असेल.”

ते साडेबाराही दिवाळी-दसऱ्यालाच. तरी आमची तक्रार कायद्यात बसत नाही. २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडचं धोरण आणलं तेव्हा २५६ केबीपीएस वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ही मर्यादा वाढवून २ एमबीपीएस केली. आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर अडीच येतं. म्हणजे भारत सरकारच्या दृष्टीनं आम्ही पास आहोत, वर अर्धा गुण जास्त.

वेगाबद्दल कंपनीच्या पोराला विचारलं की तो खिशातून स्वतःचा मोबाइल काढतो, आपल्या वायफायला जोडतो, स्पीड टेस्ट लावतो आणि काटा सर्रकन वर जातो. “बघा काका, अठ्ठ्याण्णव येतंय.” मी बघतो. अठ्ठ्याण्णवच असतं. तो गेल्यावर बायको भाजीचा व्हिडिओ लावते आणि कांदा परतण्याच्या आत चक्र फिरायला लागतं. मला बरेच दिवस वाटायचं, पोराच्या हाताला गुण आहे. मग कळलं की या चाचणीचे सर्व्हर बहुतेक वेळा इंटरनेट कंपन्यांनी स्वतःच मांडलेले असतात आणि चाचणी आपल्याला जवळचा सर्व्हर निवडून देते. म्हणजे आमच्या घरापासून कंपनीच्या ऑफिसापर्यंत वेग अठ्ठ्याण्णव. पण मला कंपनीच्या ऑफिसात जायचंच नाहीये! मला पुढे जगात जायचंय. मुलाचा पेपर वडिलांनीच तपासायला घेतल्यावर अठ्ठ्याण्णव पडले, यात नवल कसलं?

तसे आम्ही थांबण्यात तयार झालेल्या पिढीतले. घरी टेलिफोन यावा म्हणून वडिलांनी नंबर लावला तेव्हा मी शाळेत होतो. ‘ओवायटी’ नावाची जादा पैसे भरून लवकर फोन मिळवायची योजना होती. ते पैसे भरणाऱ्यांचाही नंबर लवकर लागायचा नाही, पण वाट बघताना त्यांना जरा मान असायचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा सुरुवातीचा डायल-अपचा वेग ९.६ केबीपीएस होता. मोडेम किंचाळायचा, कण्हायचा, आणि एकदाचं जोडलं गेलं की आई फोन उचलायची. परत पहिल्यापासून. पण त्या काळात नेट लागलं की आनंद व्हायचा, आज गेलं की अपमान वाटतो.

गेलं की पडद्यावर तो छोटा डायनासोर येतो. २०१४ पासून क्रोममध्ये आहे. नेट नसताना निवडुंगावरून उड्या मारत बसायचा खेळ. त्याच्याशी आमच्या घराचा इतका घरोबा आहे, की आईला ते आमच्या कंपनीचं बोधचिन्ह वाटतं. परवा बँकेच्या दारात कुणाच्या तरी मुलाच्या सदऱ्यावर डायनासोर बघून ती थबकली आणि त्याला म्हणाली, “तुमच्याकडेपण हेच आहे का रे? बदला.”

कंपनीला फोन लावला की पहिल्यांदा सनई वाजते. मग “मराठीसाठी तीन दाबा.” मी इमानानं तीन दाबतो. बऱ्याच वेळानं एक ताई येतात आणि म्हणतात, “जी सर, बताइए.” मग मी माझ्या हिंदीत बताता हूँ. ते ऐकून त्यांना माझी दया येत असावी, कारण आवाज एकदम मऊ होतो.

“सर, राउटर रीस्टार्ट केलात?”

“केला.”

“एकदा परत करा ना. मी लाइनवर थांबते.”

या वेळी आमच्या बाल्कनीसमोरच्या गुलमोहरावर वायर तुटून लोंबत असते. ती मला खिडकीतून डोळ्यांनी दिसत असते. तरीही मी आत जातो, बटण बंद करतो, मनात दोन मिनिटं मोजतो आणि चालू करतो. एवढ्या गोड आवाजात सांगितलेली गोष्ट मोडवत नाही.

“सर, आमच्या सिस्टिममध्ये तुमचं कनेक्शन ॲक्टिव्ह दिसतंय.”

“अहो, पण इथे चालत नाहीये.”

“पण ॲक्टिव्ह आहे सर.”

बऱ्याच चौकशीनंतर उलगडा झाला. ॲक्टिव्ह म्हणजे पैसे भरलेले आहेत. या अर्थानं आम्ही पुढच्या दिवाळीपर्यंत ॲक्टिव्ह आहोत. मग ताई तक्रारीचा लांबलचक क्रमांक सांगतात, मी तो वर्तमानपत्राच्या कडेवर लिहितो आणि दुसऱ्या दिवशी तो रद्दीत जातो. “तक्रारीचं पुढे काय झालं ते आमच्या ॲपवर बघा,” असं म्हणून त्या फोन ठेवतात. ॲप उघडायला नेट लागतं हे कंपनीत कुणाला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. सुचूनच केलं असणार. एकदा तर मी ताईंशी बोलत असतानाच मोबाइलवर संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. कृपया सेवेला गुण द्या.’ एवढ्या तत्परतेचं मला मनापासून कौतुक वाटलं. नेट तेवढं चालू नव्हतं.

तेव्हा खरी कंपनी म्हणजे सनईही नव्हे आणि त्या ताईही नव्हेत. खरी कंपनी म्हणजे तो पोरगा. खांद्याला शिडी, पाठीला सॅक, कानात सदैव फोन. त्याचा खासगी नंबर ज्याच्याकडे आहे तो सोसायटीतला वजनदार माणूस. असा नंबर कुणी कुणाला देत नाही. मी तो मिळवला तो उन्हाळ्यात त्याला थंडगार पन्हं पाजून. बायको म्हणाली, “सख्ख्या मेव्हण्याला कधी पाणी आणून दिलं नाहीत.” मी म्हटलं, “त्याला फायबर जोडता येतं का?” दिवाळीत त्याला पोस्तही मी वॉचमनपेक्षा जास्त दिली, आणि हे वॉचमनच्या कानावर गेल्यावर आमची गाडी धुवायची बंद झाली.

पोरगा येतो तेव्हा दारातच म्हणतो, “काका, आधी ओटीपी सांगा.” तक्रार मिटल्यावर द्यायचा ओटीपी तो तक्रार ऐकायच्या आधी घेतो. “नाहीतर वरून माझे पैसे कापतात. आणि पाच स्टार द्या, चार दिले तर मीटिंगला उभं करतात.” मी पाच स्टार देतो. सोसायटीतले सगळेच देत असणार. सगळ्या पुण्यात आमच्या भागाची सेवा अव्वल आहे अशी नोंद कंपनीच्या दप्तरी झाली असेल, आणि त्यामुळेच इथे माणसं वाढवायची गरज त्यांना वाटत नसेल.

मुलं म्हणतात इंटरनेट आकाशातून येतं. तसं नाही. ते समुद्राखालून येतं. फ्रान्समधल्या मार्सेयपासून निघालेल्या केबली भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, अरबी समुद्र असा तळाचा प्रवास करून मुंबईला लागतात. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर तर अशा बऱ्याच केबली जमिनीवर येतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तो तंतूही वरचं आवरण काढलं तर सव्वाशे मायक्रॉन जाडीचा, साधारण केसाएवढा. म्हणजे बघा, तो प्रकाश फ्रान्सहून निघतो, जहाजांचे नांगर चुकवतो, वर्सोव्यात कोळ्यांच्या होड्यांखालून वर येतो, बोरघाट चढतो, पुणे गाठतो, आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग आमच्या गुलमोहराखाली येऊन थांबतो, कारण पोरगा जेवायला गेलेला असतो.

शेवटच्या त्या वीस फुटांत जे होतं ते मार्सेयपासून कुठेच होत नाही. पावसाळ्याआधी झाडं छाटणारे येतात आणि फांदीबरोबर वायर छाटतात. गणपतीत मांडव घालणारे वासा उभा करताना ती बाजूला घेतात, आणि बाजूला घेणं म्हणजे काय हे दुसऱ्या दिवशी कळतं. उड्डाणपुलाचं काम चाललं होतं त्या वर्षांत तर रस्ता इतक्या वेळा खणला गेला, की जेसीबीचा आवाज आला की आम्ही सगळे आपापली कामं सेव्ह करून हात जोडून बसायचो. उंदरांना फायबरचं वरचं आवरण आवडतं, ते का हे अजून कुणी सांगितलेलं नाही. २०१५ मध्ये वाराणसीच्या घाटांवर वायफायसाठी टाकलेल्या केबली माकडांनी खाल्ल्याच्या बातम्या होत्या. त्या वाचून मला आमच्या उंदरांबद्दल थोडा कमीपणाच वाटला.

यातला सगळ्यात मोठा विक्रम मात्र एका आजींच्या नावावर आहे. २०११ साली जॉर्जिया देशात ७५ वर्षांच्या एक बाई भंगारातलं तांबं शोधायला फावडं घेऊन निघाल्या आणि त्यांनी जमिनीखालची केबल तोडली. शेजारचा अख्खा आर्मेनिया देश काही तास इंटरनेटविना बसला. ही हकिगत मी आईला सांगितली. “तांबं मिळालं का मग तिला?” आईनं विचारलं.

चिरंजीवांनी शेजारच्यांच्या नेटवर वाचून आणखी एक माहिती पुरवली. दक्षिण आफ्रिकेत २००९ साली एका कंपनीनं मंद नेटला वैतागून पैज लावली. विन्स्टन नावाच्या कबुतराच्या पायाला ४ जीबीचं कार्ड बांधून त्याला हॉविकहून डर्बनला, म्हणजे जवळजवळ ऐंशी किलोमीटरवर, सोडलं. त्याच वेळी तीच माहिती लाइनवरून पाठवायला घेतली. विन्स्टन तासाभरात पोचला. कार्डावरची माहिती उतरवून घेण्यासकट सगळं आटपायला दोन तास लागले, आणि तोवर लाइनवरून चार टक्के काम झालं होतं. आपल्याकडे ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून कितीतरी दशकं कबुतरांकरवी निरोप धाडले. आणि आमची सोसायटी? मागच्याच सर्वसाधारण सभेत आम्ही एकमतानं सगळ्या बाल्कन्यांना कबुतरांच्या जाळ्या बसवून घेतल्या. पर्यायी लाइन आम्ही आपल्या हातानं, वर्गणी काढून, बंद केली.

घरून काम करतो त्या दिवशी माझी फार तारांबळ उडते. नेट अडकलं की मीटिंगमध्ये माणसाचा चेहरा असेल तिथे थांबतो, आणि तो कधीच चांगल्या जागी थांबत नाही. माझा एकदा जांभईच्या मध्यावर थांबला. साहेबांना वाटलं मी आकडे ऐकून थक्क झालोय. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “बघा, यांना गांभीर्य कळलं.” मी तेव्हा गच्चीवर होतो.

गच्चीवर मी पोराला गाठायला गेलो होतो. पाण्याच्या टाकीखाली आमच्या कंपनीची एक काळी पेटी आहे. पोरगा तिच्यासमोर उकिडवा बसून एक हिरवा प्लग काढून तिथे दुसरा खोचत होता.

“हे कुणाचं काढलंस?”

“कुणाचं नाही काका. एक जादाचं आहे.”

“जादाचं म्हणजे?”

“भोकं आठ आहेत. कनेक्शनं नऊ.”

“मग?”

“मग जो ओरडतो त्याला लावतो.”

“आणि ज्याचं काढतोस तो?”

“तो ओरडेपर्यंत वेळ मिळतो ना काका.”

इतकी वर्षं निरनिराळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, पण धोरण एवढ्या स्वच्छ शब्दांत कुणी मांडलेलं ऐकलं नव्हतं. पेटीत एक स्प्लिटर असतो. वीज नाही, यंत्र नाही, एक काचेची करामत. आलेल्या प्रकाशाचे आठ सारखे वाटे करायचे, बस. नववा वाटा निघत नाही. पण कंपनीनं नववं कनेक्शन विकलं होतं, आणि ते निभावून नेण्याची जबाबदारी या पोरावर टाकली होती.

मग इतके महिने हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आमच्या सोसायटीत कुणाचंही नेट कधीच बंद नसायचं. जिन्यात भेट झाली की संवाद ठरलेला. “तुमचं कसं चालतंय?” “एकदम मस्त. तुमचं?” “फर्स्ट क्लास.” वर्षाचे पैसे भरून बसलेला माणूस दुसरं काय सांगणार? बँकवाले काका तर एकदा मोबाइल डोक्यावर धरून जिन्याच्या कठड्यावर चढलेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, जळमटं बघतोय.”

मी पेटीची गोष्ट घरी सांगितली आणि कुणाला सांगायची नाही असं ठरलं. पुढच्या वेळी लाल दिवा लागला तेव्हा मी पोराला फोन केलाच नाही. रात्री अकराला टॉर्च आणि स्टूल घेऊन गच्चीवर गेलो. एक प्लग काढला, आपला लावला. कुणाचा काढला ते मी मुद्दाम बघितलं नाही. शेजारधर्म म्हणून.

काही दिवस मजेत गेले. मग आमचं वारंवार जाऊ लागलं, म्हणजे आणखी कुणाला तरी पेटी सापडली होती. जुलै महिन्यातल्या एका रात्री मी वर गेलो तर टाकीपाशी अंधारात कुणीतरी वाकलेलं. टॉर्च मारला तर बँकवाले काका, हातात पक्कड.

“अरे, तुम्ही?”

“झोप येत नव्हती. म्हटलं शुक्र दिसतो का बघू. तुम्ही?”

“मीपण. चांदणंच बघायला.”

आभाळ गच्च भरलेलं होतं आणि बारीक पाऊसही पडत होता. आम्ही दोघं काही वेळ वर बघत उभे राहिलो. तेवढ्यात जिन्याचं दार कुरकुरलं आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनी छत्री आणि स्टूल घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “कुरडया राहिल्यात का वाळत, ते बघायला आले होते.”

तातडीची सभा बोलावण्यात आली. विषय क्रमांक एक, पेटी. पेटीला कुलूप लावायचं ठरलं. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर पाऊण सभा गेली. मग नववा कोण, यावर उरलेली. पैसे भरल्याच्या पावत्या आणल्या गेल्या आणि तारखा लावून बघितल्यावर शेवटचे निघाले सेक्रेटरी. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “नववा असा कुणी नसतो. भोकं कमी आहेत, असं म्हणा.” हा माणूस इतकी वर्षं बिनविरोध का निवडून येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी पाळीपत्रक निघालं. दर दिवशी एक घर बंद. पाण्याच्या टँकरच्या दिवसांत आमची ही सवय झालेलीच होती, त्यामुळे अंमलबजावणी चोख. पण आठवडाभरात बाजार सुरू झाला. “माझा बुधवार घ्या, तुमचा रविवार द्या.” क्रिकेटच्या सामन्याच्या दिवसाला दोन साधे दिवस असा भाव निघाला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी आपला एक गुरुवार पुरणपोळ्यांवर दिला. मावशी न्यू जर्सीहून शनिवारी फोन करते म्हणून आईनं शनिवार राखून ठेवला होता, आणि त्या तासभराच्या व्हिडिओ कॉलवर दोघी बहिणी मिळून एवढंच बोलायच्या, “दिसतेय का?” “दिसत्येस, हालत नाहीयेस.”

कंपनीला कळवावं, असं मध्येच कुणीतरी सुचवलं. बँकवाल्या काकांनी ‘विषयांकित बाबीस अनुसरून’ असं पत्र लिहिलं. नियमाप्रमाणे आधी तक्रार केंद्राचा क्रमांक लागतो, समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. क्रमांक सगळे रद्दीत गेलेले. दुसरी कंपनी घ्यावी म्हणून चिरंजीवांनी एका नव्या कंपनीला फोन केला. पत्ता ऐकून ते म्हणाले, आमचा माणूस पाठवतो. माणूस आला. खांद्याला शिडी, पाठीला सॅक. दारातच म्हणाला, “काका, पन्हं आहे का?”

त्यानंच मग आम्हाला खरा मार्ग दाखवला. “नऊ जणांनी एकाच दिवशी एक स्टार द्या.” आयुष्यभर पाच स्टार वाटत आलेल्या माणसांना हे जड गेलं, पण दिले. चौथ्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातले एक इंजिनिअर मोटारीतून उतरले, गच्चीवर गेले आणि आठ भोकांची पेटी काढून सोळा भोकांची लावून गेले. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी त्यांना श्रीफळ दिलं. कुलूप-किल्ली सोसायटीच्या कपाटात जमा झाली.

चिरंजीव रात्री म्हणाले, “बाबा, आधी प्रकाशाचे आठ वाटे व्हायचे, आता सोळा. म्हणजे प्रत्येकाला आधीच्या निम्माच.” मुळात येणारा प्रकाशच ठिकठिकाणच्या जोडांमुळे मिणमिणता. त्याचेही सोळा भाग झाल्यावर कुणाच्याही डबीला तो दिसला तर दिसला. आता नेट कुणाचंच पूर्ण बंद नसतं आणि कुणाचंच पूर्ण चालूही नसतं. येतं, जातं. उरलेली सात भोकं भरण्यासाठी कंपनीनं परवा नवी स्कीम काढली. जुन्या ग्राहकांनीही वर्षाचे भरले तर चार महिने फुकट. बँकवाल्या काकांनी लगेच पाकीट उलटं केलं. यंदा सेक्रेटरींनी चौकशी न करता सगळ्यात आधी पैसे भरले आणि पावतीवर वेळही घालून घेतली.

सोसायटीतली भांडणं मात्र पार मिटली आहेत. काल जिन्यात काका भेटले.

“तुमचं चालतंय का?”

“नाही हो. तुमचं?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”